कोरडी गळती

आमच्या ह्यांनी अडतीस वर्षं शहराला पाणी पाजलं. पाणीखात्यात फिटर म्हणून लागले आणि फिटर म्हणूनच निवृत्त झाले. मधे दोनदा साहेबांनी बढती देऊ केली, पण हे म्हणाले, "मला खुर्ची नको, पाना द्या." रस्त्याखाली कुठे पाइप फुटला की हे पहाटे, रहदारी सुरू व्हायच्या आत तिथे जायचे, लोखंडी सळईचं एक टोक जमिनीला टेकवायचे, दुसरं कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. जागा बदलत बदलत एका ठिकाणी थांबायचे आणि खडूने फुली मारायचे. तिथे खणलं की पाणी लागायचंच. लोक ह्यांना नळाचे डॉक्टर म्हणायचे. देवाने कुणाला गळा दिला, कुणाला हात दिले, ह्यांना कान दिला.

तो कान माझ्या बोलण्याकडे कधी लागला नाही, ती गोष्ट वेगळी.

आता मूळ गोष्ट सांगते. माझी थोरली बहीण, ताई, लांब बेटावर राहते. तिकडे जायला पूर्वी आठवड्याला एक बोट होती. अकरा वर्षांपूर्वी त्या बोटीची दोन तिकिटं आम्ही काढली होती, पिशव्यासुद्धा भरून दारात ठेवल्या होत्या. आदल्या दिवशी शहराची मुख्य वाहिनी फुटली. हे गेले ते तिसऱ्या दिवशी चिखलाने माखून परत आले. पुढच्या वर्षी जाऊ म्हटलं. पुढच्या वर्षी आणखी काही निघालं. आणि दोन वर्षांपूर्वी ती बोटच बंद झाली.

यंदा ताईचा फोन आला. डोळे चाललेत म्हणाली. डॉक्टरांनी सांगितलंय, सहा महिन्यांत उजेड आणि अंधार एवढंच कळेल. "त्याआधी तुझा चेहरा एकदा बघून ठेवला असता," ती म्हणाली. भाजी निवडताना बोलावं तसं सहज बोलली. मी फोन ठेवला आणि देवाजवळ जाऊन बसले. मागितलं काही नाही. नुसती बसले.

आमची धाकटी लेक नऊ वर्षं मालवाहू जहाजांवर अधिकारी होती. ते सोडून तिने यंदाच एक जुनी शिडाची बोट घेतली होती. चार वर्षं ती बोट किनाऱ्यावर लाकडी टेकूंवर कोरडी उभी होती. लेकीने तळ खरवडला, रंग दिला, शिडं शिवून घेतली आणि ती पाण्यात उतरवली. ताईचं ऐकल्यावर ती म्हणाली, "आई, मी नेते तुला. चार दिवसांचा रस्ता आहे. शनिवारी सकाळच्या मोठ्या भरतीला निघायचं. त्यानंतरची एवढी भरती पंधरवड्याने, आणि तोवर वारा फिरलेला असेल. मग पाच महिने तिकडे लहान बोट जात नाही."

पाच महिने आणि सहा महिने. हिशेब मला करता येतो.

"पण एक अडचण आहे," लेक म्हणाली. "टाकीत दोनशे लिटर पाणी आहे, आणि नळाला थेंब येत नाही."

"मग कॅन भरून नेऊ," मी म्हटलं.

"चार दिवसांचे कॅन नेता येतील गं. पण वारा पडला, दहा दिवस लागले तर? आणि बोट कलली की वीस किलोचा कॅन कुणाच्या पायावर जाईल सांगता येत नाही. टाकीतलं पाणी नळाला आल्याशिवाय मी दोर सोडणार नाही. मग प्रवासी माझी आई असली तरी."

हे कोपऱ्यात वर्तमानपत्र वाचत होते. पेपर खाली न घेताच म्हणाले, "एवढंच ना? अर्ध्या तासाचं काम आहे."

बुधवारी सकाळी नऊ वाजता हे हत्यारांची पेटी घेऊन बोटीत उतरले. उतरले म्हणजे शिडीवरून पाठमोरे, एकेक पायरी चाचपत. आत स्वयंपाकघर म्हणजे काय? दोन्ही हात पसरले की दोन्ही भिंती लागतात. एका बाजूला झुलती शेगडी, म्हणजे बोट कलली तरी पातेलं सरळ राहतं. दुसऱ्या बाजूला एवढंसं सिंक, त्याला एकच नळ, आणि खाली जमिनीजवळ पायाने दाबायचा एक पंप, शिवणयंत्राच्या पायटीसारखा.

ह्यांनी आधी वर छताकडे पाहिलं.

"टाकी कुठाय?"

"तुमच्या पायाखाली, बाबा."

"पायाखाली?" हे एकदम बाजूला सरकले, जणू टाकीला लागलं असतं. "मग पाणी वर कसं येणार?"

"पंपाने."

"अगं पंप टाकी भरायला असतो. नळाला पाणी टाकीतून उतरतं."

"इथे चढतं," लेक म्हणाली.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. पोरीला शिकवलंस काय, असा तो चेहरा होता.

पण एकदा कामाला लागले की हे दुसरेच असतात. जमिनीच्या फळ्या उचलल्या, पोटावर आडवे झाले आणि दुपारपर्यंत फक्त पाय दिसत होते. त्या बोटीला आधी तीन मालक झाले होते आणि प्रत्येकाने आपल्या अकलेने पाइप टाकले होते. कुठे तांब्याचा पाइप, कुठे पारदर्शक नळी, जी आता चहाच्या रंगाची झाली होती, आणि कुठे चक्क बागेला पाणी घालायची हिरवी नळी. एक पाइप भिंतीतून निघून भिंतीतच जात होता. ह्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर नकाशा काढला. डाव्या टाकीची नळी, उजव्या टाकीची नळी, दोन्ही एका चावीशी येतात, चावीतून पुढे पंप, पंपातून नळ. चावी आणि पंपाच्या मधे एक 'टी' होता, म्हणजे तीन तोंडांचा जोड. त्याची तिसरी वाट कुठल्याशा जुन्या खाऱ्या पाण्याच्या नळाकडे जायची. तो नळ कधीच काढून टाकला होता आणि 'टी'च्या तोंडाला बूच मारलं होतं. ते भांड्यांच्या कपाटात, पार मागे.

"हा पाहा सगळा कारभार," नकाशा दाखवत हे म्हणाले. इतके खूष तर आमच्या लग्नातही नव्हते.

मग पंप सोडवला. आतला रबरी पडदा चिरला होता. "सापडला आजार!" सायकलच्या ट्यूबमधून नवा पडदा कापला, झडपा पुसल्या, सगळं बसवलं आणि मला म्हणाले, "ये. मान तुझा."

मी देवाचं नाव घेतलं आणि पाय दाबला.

फुस्स.

पुन्हा दाबला. फुस्स. तोंडात दात नसलेल्या माणसाने मेणबत्ती विझवावी तसा आवाज.

"तुझा पाय हलका पडतोय," हे म्हणाले.

"आजवर माझा पाय जड पडतो म्हणत होतात."

गुरुवारी लेकीने बंदरातल्या दुकानातून नवा कोरा पंप आणला. ह्यांना तो अपमान वाटला, पण बसवला. नवा पंपही फुस्सच. फक्त आवाज जरा जास्त खणखणीत.

म्हणजे दोष पंपात नाही. म्हणजे दोष पाइपात. आणि पाइपातला दोष म्हणजे ह्यांचं राज्य. ह्यांनी वर्तमानपत्राच्या पट्ट्या फाडल्या आणि एकेका जोडाला गुंडाळल्या. थेंबभर जरी पाणी सुटलं तरी कागद ओला होतो, ते लपत नाही. लेकीला अर्धा तास पंप मारायला लावला. मग एकेक पट्टी काढून उजेडात धरली, गालाला लावून पाहिली. कोरडी. दुसरी, कोरडी. सतरा जोड होते, सतरा पट्ट्या कोरड्या. प्रत्येक जोडावर खडूने बरोबरची खूण केली. कपाटातल्या त्या बुचावरसुद्धा केली, ते मी या डोळ्यांनी पाहिलं.

"कुठेही गळती नाही," हे म्हणाले. "एक थेंब नाही. पाइप ठणठणीत आहेत."

"मग पाणी का येत नाही?"

"येत नाही म्हणजे... यायला पाहिजे." आणि पंपाकडे असं पाहिलं, जसं शाळेत न जाणाऱ्या मुलाकडे बघतात.

दुपारी शेजारच्या शिडवाल्या काकू आल्या. धक्क्यावरच्या शेडमध्ये त्या शिडं शिवतात. आमच्या लेकीचीही त्यांनीच शिवली. जाड सुया, त्याहून जाड चष्मा. शिडीच्या वरच्या पायरीवर बसूनच त्यांनी आत डोकावलं.

"अहो, आधीचे मालक होते ना, ते रोज सकाळी त्या पंपात पेलाभर पाणी ओतायचे. नळाच्या तोंडातून, उलटं. मला वाटायचं, भाविक माणूस आहे, नळाला अर्घ्य देतोय."

"आणि मग पाणी यायचं?" ह्यांनी विचारलं.

"यायचं की. पण रोज ओतायचे. मी एकदा म्हटलं, आजोबा, रोज कशाला? तर म्हणाले, तिला सवय झालीय, आधी घेतल्याशिवाय देत नाही. बोटीला ते 'ती' म्हणायचे. बायकोलाही कधी एवढ्या प्रेमाने बोलले नसतील."

ह्यांनी पेलाभर पाणी ओतलं. मी दाबला. फुस्स, फुस्स, खळळ, आणि नळातून पाणी! तपकिरी, फेसाळ, पण पाणी. लेकीने शीळ घातली, काकूंनी टाळ्या वाजवल्या, मी हात जोडले. अर्धं भांडं भरलं आणि पुन्हा फुस्स. परत ओतलं, परत अर्धं भांडं, परत फुस्स.

"म्हणजे पाणी चढतं," हे पुटपुटले, "आणि परत उतरतं. पण गळत नाही. गळत नाही तर जातं कुठे?" कपाळावर खडूचा पांढरा पट्टा उमटला होता.

संध्याकाळी लेकीने हत्यारं पुसून पेटीत ठेवली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "बाबा, उद्या दुपारपर्यंत बघू. नाही झालं तर मी मावशीला फोन करून सांगते."

आम्ही दोघं धक्क्यावरच्या बाकावर बसलो. बोटी हलत होत्या, दोर करकरत होते. मी मुकाट्याने नामस्मरण करत होते, कारण बोलले असते तर रडले असते.

बऱ्याच वेळाने हे म्हणाले, "तेव्हाही मीच."

"काय तेव्हा?"

"अकरा वर्षांपूर्वी. ती वाहिनी दुसऱ्या कुणालाही जोडता आली असती. पाळीवर चौघं होते. मला वाटलं, माझ्याशिवाय होणार नाही." मग ह्यांनी बोटीकडे पाहिलं. "आणि आता खरंच माझ्याशिवाय दुसरं कुणी नाही, तर मलाच जमत नाहीये."

मला माहीत नव्हतं, की पाळीवर चौघं होते. अकरा वर्षं मला माहीत नव्हतं. राग यायला हवा होता, आला नाही. त्या क्षणी ते इतके लहान दिसत होते, की राग ठेवायला जागाच नव्हती.

"चला, जेवून घेऊ," मी म्हटलं. "देव उद्याही आहेच."

"देवाला पाना धरता येतो का?"

"तुम्हाला कुणी शिकवला?"

यावर हे हसले. खरं तर हसायचं नव्हतं त्यांना.

शुक्रवारी सकाळी ह्यांनी शेवटचा उपाय काढला. घरून सळई आणली. रस्त्याखालचं पाणी ऐकणारा कान, अंगठ्याएवढ्या पाइपातलं ऐकणार नाही का? हे फळ्यांखाली आडवे झाले, सळई पाइपाला टेकवून कानाला लावली. लेक पंपावर. आतून हुकूम यायचे, "दाब... दाब... थांब. आता सावकाश. सावकाश म्हटलं!"

"सावकाशच दाबतेय, बाबा."

"श्वास पण सावकाश घे, मला ऐकू येतोय."

मला काही काम नव्हतं. आणि मला काम नसलं की मी स्वच्छता करते. जायचं असो की नसो, भांड्यांचं कपाट बघवत नव्हतं. चार वर्षांची धूळ, त्यावर कुणाच्या तरी तेलाचे ओघळ. मी भांडी बाहेर काढली, बादलीत साबण घातला, भरपूर फेस केला आणि गुडघ्यांवर बसून आत हात घातला. आधी फळी पुसली, मग मागची भिंत, मग तो 'टी' आणि त्याचं बूच. ह्यांची खडूची खूण पुसली गेली म्हणून जीभ चावली. बुचाभोवती फडक्यातला फेस गोळा होऊन राहिला, एवढासा पांढरा गोळा.

लेकीने पाय दाबला.

तो गोळा नाहीसा झाला.

मला वाटलं, फुटला असेल. फडकं पिळून मी पुन्हा फेस लावला आणि बघत राहिले. लेकीने दाबला, फेस बुचाच्या कडेने सुर्रकन आत गेला. तिसऱ्यांदा लावला. पुन्हा तेच. कुणीतरी आत बसून तो पीत होतं म्हणा ना.

"अहो," मी म्हटलं, "फेस आत गेला."

"काय?" फळ्यांखालून आवाज.

"बुचाजवळचा फेस. आत गेला."

"फेस बाहेर येतो," हे म्हणाले. गॅसच्या नळीला साबण लावून बघायला मला ह्यांनीच शिकवलं होतं. जिथे बुडबुडा, तिथे गळती. "फेस आत जात नाही. काहीतरी चुकतंय तुझं. दाब गं, तू दाब."

लेकीने दाबला. मी लावला. गेला.

"पुन्हा गेला."

"अगं जात नाही!"

"बरं, नाही जात. पण तो आता इथे नाहीये, एवढं सांगते."

फळ्या सरकल्या, आधी केस, मग खडू लागलेलं कपाळ, मग हे पूर्ण बाहेर आले. माझ्या शेजारी गुडघ्यांवर बसले आणि स्वतःच्या बोटाने बुचाला फेस लावला.

"दाब."

फेस गेला.

हे बघतच राहिले. दुसऱ्यांदा लावला, तिसऱ्यांदा लावला. मग मांडी घालून जमिनीवर बसले आणि खूप हळू बोलायला लागले, स्वतःशीच बोलल्यासारखं.

"आमच्या पाइपात पाणी ढकललं जातं. भोक पडलं की ते बाहेर येतं. अडतीस वर्षं मी बाहेर येणारं पाणी शोधलं. इथे पाणी कुणी ढकलत नाही. पंप ओढतो. भोक पडलं तर बाहेर काही येतच नाही... हवा आत जाते. म्हणून कागद कोरडा. कोरडा होता तिथेच गळती होती." माझ्याकडे वळले. "मी त्यावर बरोबरची खूण केली होती."

"हो. पुसली ती मी."

दृष्टांत द्यायचा तर सोपा आहे. सरबत प्यायच्या नळीला वरच्या बाजूला चीर पाडा आणि ओढून बघा. गाल आत जातील, सरबत जागचं हलणार नाही, आणि नळीतून बाहेर एक थेंबही पडणार नाही. लहान मुलाला हे कळतं. पण नळाच्या डॉक्टरांना कसं कळावं? त्यांच्या साऱ्या रोगांना पाणी सुटायचं.

लेक तोंडावर हात ठेवून हसत होती. हे आधी रागावल्यासारखे दिसले, मग खांदे हलायला लागले आणि मग असे हसले, की डोळ्यांतून पाणी आलं. वर धक्क्यावर शिडवाल्या काकूंनी शिलाई थांबवून विचारलं, "काय हो, काय झालं?"

"आजार सापडला!" लेक ओरडली. "आईला सापडला!"

बूच उपटल्यावर कळलं. चार वर्षं बोट कोरडी उभी राहिल्याने बुचाभोवती गुंडाळलेलं सूत वाळून भुसभुशीत झालं होतं. आणि त्याआधीही ते थोडंफार हवा घेत असणार, नाहीतर जुन्या मालकांना रोज पेला ओतायची वेळ का आली असती? मी म्हटलं, नवं बूच मारा. हे म्हणाले, "बूच नाही. ती वाटच नको." 'टी' कापून काढला, मधे नव्या नळीचा तुकडा घातला, दोन्ही बाजूंना दोन-दोन क्लिपा आवळल्या. मग उरलेल्या सगळ्या जोडांना स्वतःच्या हाताने फेस लावला आणि एकेक करून बघितलं. पंधरा जोडांचा फेस जागच्या जागी राहिला. चावीजवळच्या एकाने हलकेच घोट घेतला, तोही आवळला.

"आता ये," मला म्हणाले. या वेळी 'मान तुझा' म्हणाले नाहीत.

मी पाय ठेवला. दाबला. फुस्स. दुसऱ्यांदा दाबला, तर पाय जड लागला. तुम्हाला सांगते, आयुष्यात जडपणाचा एवढा आनंद मला कधी झाला नव्हता. नळ खोकला, थुंकला, तपकिरी पाणी आलं, मग पिवळसर, मग स्वच्छ. मी ठेका धरला आणि देवाचं गाणं गुणगुणत दाबत राहिले. एक मात्रा पायाची, एक मात्रा नळाची. लेक म्हणाली, "आई, पुरे, टाकी रिकामी करशील." हे नळाखाली हात धरून उभे होते. हात केव्हाच स्वच्छ झाले होते, तरी धरून उभे होते.

दुपारभर टाक्या धुतल्या, पुन्हा भरल्या, लेकीने पाणी चाखून पाहिलं. संध्याकाळी ती म्हणाली, "उद्या सहा वाजता दोर सोडायचे. आई, तुझी पिशवी आण."

"दोन आण," हे म्हणाले.

आम्ही दोघी त्यांच्याकडे बघत राहिलो. आधी ठरलं होतं तसं हे घरी राहणार होते. ह्यांना बोट लागते, झोपाळ्यावरसुद्धा चक्कर येते.

"बाबा, तुम्हाला उलट्या होतील."

"होऊ देत. पाणी आहे ना आता तोंड धुवायला."

उलट्या झाल्या. दोन दिवस हे बादलीला मिठी मारून पडले होते आणि मधूनच विचारत होते, "पाणी येतंय ना?" मी पाय दाबून आवाज ऐकवायची, की मग डोळे मिटायचे. तिसऱ्या दिवशी उठून बसले, कोरा चहा मागितला. बोट एका अंगावर कलली होती. मी पेला नळाच्या बरोबर खाली धरला, तर पाणी शेजारी पडलं. आपल्याला नळ सरळ दिसतो, पण सरळ तो नसतो, पाणी सरळ असतं. हे बसल्या जागेवरून म्हणाले, "पेला डावीकडे घे. आणखी. आणखी. हां." आणि एवढं सांगून पुन्हा बादली मागितली.

चौथ्या दिवशी दुपारी बेट दिसलं. आधी निळी रेघ, मग डोंगर, मग घरं, मग धक्का. लेकीने शिडं उतरवली आणि बोट हळूहळू आत घेतली. धक्क्यावर पाच-सात माणसं होती. त्यांत एक बाई काठी टेकून उभी होती, दुसरा हात डोळ्यांवर आडवा धरलेला. माझ्या आठवणीतली ताई उंच होती. ही एवढीशी होती.

लेकीने दोर फेकला, कुणीतरी खुंटाला बांधला. मी कठड्यावरून पाय टाकला. जमीन हलत होती. नंतर कळलं, हलत मीच होते. ताई दहा पावलांवर होती आणि तिचं तोंड माझ्याकडे होतं, पण ती मला बघत होती की आवाजाकडे वळली होती, ते मला कळेना. मनात म्हटलं, देवा, उशीर झाला का?

मी आणखी दोन पावलं पुढे गेले. ताईने डोळे बारीक केले, मान जरा तिरपी केली, जशी लहानपणी माझी वेणी नीट पडली की नाही ते बघायला करायची तशी.

"अगं बाई," ती म्हणाली. "किती जाड झालीयेस!"

"नऊ किलो," मी म्हटलं, आणि धावले.